घाबरलेल्या पोटात घास उतरत नाही



आमच्याकडे संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकतं. तुमच्याकडेही तसंच असणार. थंडीच्या दिवसांत साडेपाचलाच ताटं घ्यावी लागतात, आणि नेमकी तीच वेळ अकरावीतल्या आमच्या धाकट्याची कॉम्प्युटरवर बसायची. मी स्वयंपाकघरातून हाका मारायची, तो आतून "दोन मिनिटं गं आई" म्हणायचा. शेवटी मी जाऊन स्क्रीन बंद करायची. मग तो ताटावर यायचा तोच लालबुंद चेहऱ्यानं. अर्धी भाकरी चिवडायची, भाजी तशीच टाकायची आणि "भूक नाही" म्हणून उठायचं. नंतर काही देता येत नाही, म्हणजे पोर सकाळपर्यंत तसंच. सासूबाई म्हणायच्या, "त्या खेळानं पोराला अन्नावरनं उठवलंय." मीही त्याला उद्धट ठरवून मोकळी झाले होते.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, बघू तरी काय आहे. खेळाचं नाव 'प्रोजेक्ट झॉम्बॉइड'. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात रोगानं माणसं झॉम्बी झाली आहेत, आणि आपला एकटा माणूस जगवायचा. त्यातली मारामारी मला आवडली नाही, ते मी त्याला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "मी लपूनच जातो गं." तो वाद आमचा अजून चालू आहे. पण एका गोष्टीनं मी थक्क झाले. त्या माणसाला शरीर आहे! भूक, तहान, थकवा, थंडी, सगळ्याची छोटी चित्रं पडद्याच्या कडेला उमटतात. झॉम्बी दिसला की भीतीचं चित्र येतं. भीती वाढली की नेम चुकतो, आजूबाजूचं कमी दिसायला लागतं. एकदम बसलेली धास्ती आणि मनात साठत जाणारा ताण या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या आहेत. ताण पुस्तक वाचल्यावर उतरतो. धास्तीवर बीटा ब्लॉकरची गोळी चालते. ही गोळी खरीच आहे, बीपीसाठी डॉक्टर देतात, ती हृदयावरचा अ‍ॅड्रेनॅलिनचा जोर कमी करते. करणाऱ्यांनी अभ्यास केलाय, हे मान्य करावं लागेल.

मग मी पोराकडे बघितलं. पडद्यावरचा माणूस घाबरला होता, आणि खुर्चीतला माझा मुलगाही. खांदे वर चढलेले, श्वास छातीतच अडकलेला, हात घामेजलेले. आपल्या मूत्रपिंडांच्या माथ्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात. धोका दिसला की त्या अ‍ॅड्रेनॅलिन सोडतात. हृदय धडधडतं, रक्त हातापायांकडे धावतं, पळायची तयारी होते. धोका खरा की पडद्यावरचा, हे विचारायला शरीर थांबत नाही. फरक इतकाच, की पोरगा पळत नाही, बसून राहतो.

तेवढ्यात त्या खेळातल्या माणसानं, मागे झॉम्बी असतानाच, एक डबा उघडून खाल्ला आणि त्याची भूक भागली. मी म्हटलं, "हे खोटं आहे." पोरगा हसला. पण मैत्रिणींनो, माझा मुद्दा हाच आहे. या खेळांनी डोळ्यांतली भीती दाखवली, हातांतली दाखवली, पोटातली दाखवली नाही.

घाबरल्यावर तोंडाला कोरड पडते, हे आपल्याला ठाऊक आहे. जठराचं कामही मंदावतं. हे प्रथम नीट पाहिलं ते वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञानं. १८९०च्या दशकाच्या अखेरीस तो क्ष-किरणांनी मांजरांचं पचन बघत होता. मांजर घाबरलं की जठराची हालचाल थांबायची, शांत झालं की पुन्हा सुरू व्हायची. पुढे १९१५मध्ये त्यानं वेदना, भूक, भीती आणि राग यांवर पुस्तक लिहिलं. 'लढा किंवा पळा' ही कल्पना त्याच्याच कामातून आली. त्या मुक्या जिवांना किती भ्यायला लावलं असेल, हे वाचताना मन कळवळतं. पण मांजरांच्या त्या भयातून जे कळलं, ते माझ्या ताटावर रोज घडत होतं.

दुसरी उणीव उतरण्याची. खेळात धोका नजरेआड झाला की भीतीचं चित्र लवकरच विरतं. आपलं अ‍ॅड्रेनॅलिनही काही मिनिटांत ओसरतं, पण मागून कॉर्टिसॉल येतं, आणि ते ताण सुरू झाल्यावर वीस ते तीस मिनिटांनी सगळ्यात चढतं. म्हणजे मी स्क्रीन बंद करून पोराला ताटावर बसवत होते तेव्हा त्याचं शरीर अजून त्या केंटकीतच होतं. तो मला उद्धट बोलला, असं मी म्हणायची. त्यातलं अर्धं बोलणं त्या धडधडीचं होतं. मित्रांबरोबर खेळताना तो खेळ मध्येच थांबवताही येत नाही, आणि त्यातला माणूस मेला की कायमचा जातो. त्याची 'दोन मिनिटं' खोटी नव्हती.

खेळ करणाऱ्यांना हे जमणार नाही असं नाही. २०१५मध्ये 'नेव्हरमाइंड' नावाचा खेळ आला. तो सेन्सरनं खेळणाऱ्याच्या हृदयाचे ठोके मोजतो. ताणलात तर खेळ कठीण होतो, शांत झालात तर सोपा. तिथे शांत होणं हेच कौशल्य आहे. भीती इतकी बारकाईनं मोजणाऱ्यांनी निवणंही मोजावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ते होईल तेव्हा होईल. निवायला वेळ देणं तर आपल्या हातात आहे. सामायिकाला आपण ४८ मिनिटं बसतो. त्यात विज्ञान शोधायला मी जात नाही, त्याचं कारण वेगळं आणि मोठं आहे. पण मन लगेच बसत नाही, त्याला वेळ द्यावा लागतो, हे बसणाऱ्या प्रत्येकीला माहीत असतं. तोच वेळ मी पोराला देत नव्हते. आणि खरं सांगू, स्वतःलाही नाही. हाका मारून चिडलेली मी वाढत होते, आणि माझाही घास कुठे नीट उतरत होता?

आता मी जेवणाच्या पाऊण तास आधी सांगते, "आता नवीन सुरू करू नकोस." खेळ संपला की त्याला गच्चीवर कपडे काढायला पाठवते. जिना चढतो-उतरतो, वारं लागतं, पळायला सज्ज झालेले पाय थोडे चालतात. मगच ताट. रोज जमतं असं नाही, परवाच पुन्हा ओरडाओरडा झाला. पण बऱ्याच दिवशी तो दुसरी भाकरी मागतो.

खेळ बंद करा, असं मी म्हणणार नाही. पोर लाल चेहऱ्यानं ताटावर आलं, तर त्या घडीला उपदेश नको आणि आग्रहही नको, एवढंच सांगते. हाक पाऊण तास आधी मारा.