आपल्याला काय करायचंय?

मंडळी, आपल्या लोकांचं सगळ्यात आवडतं वाक्य कोणतं असेल, तर "आपल्याला काय करायचंय?" हे! गेल्या आठवड्यात आमच्या गल्लीत ते मी चार घरांतून ऐकलं. विषय होता शेजारच्या बंगल्यातला लॅब्राडॉर.

वय बारा. मुलांच्या हट्टापायी आणला. मुलं शिकून परदेशी गेली, कुत्रा गच्चीवर राहिला. हातभर साखळी, वर पत्रा, डोळ्यांत मोतीबिंदू, कानांत गोचिड्या. मागचे पाय ओढत चालतो. पाण्याचं पातेलं दुपारपर्यंत कोरडं. विचारलं तर उत्तर येतं, "म्हातारा झालाय हो, चालायचंच!"

माझा पहिला आक्षेप या 'चालायचंच'ला. म्हातारपण म्हणजे रोग नव्हे, हे आम्हा सत्तरी ओलांडलेल्यांना कुणी सांगायला नको. आपले गुडघे दुखले की आपण डॉक्टर गाठतो. कुत्र्याचेही सांधे झिजतात, हिरड्या सुजतात, मूत्रपिंडं थकतात. सगळं बरं होत नाही, पण दुखणं कमी करणारी औषधं आहेत. खाली जाड गोधडी, सावली, भरलेलं पातेलं आणि रोज दोन छोट्या फेऱ्या, एवढ्यानेही त्याचे दिवस सुसह्य होतात. (आपल्या अंगदुखीच्या गोळ्या मात्र त्याला देऊ नका. आयबुप्रोफेनसारखी गोळी कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते.)

दुसरा आक्षेप "त्यांचा कुत्रा, ते बघतील" याला. खुर्ची त्यांची असेल तर उन्हात ठेवोत नाहीतर मोडोत. जीव मालकीचा झाला म्हणून वस्तू होत नाही. कायदाही तेच म्हणतो. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा. त्याच्या कलम ११ प्रमाणे पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं, आखूड साखळीला तासन्‌तास बांधणं, कायम बांधलेल्या कुत्र्याला न फिरवणं हा गुन्हा आहे. त्यात लिहिलेला दंड पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये! म्हणूनच सगळं कायद्यावर सोपवून चालत नाही.

आणि आपण कीर्तनात माना डोलावतो ती नामदेवांची गोष्ट आठवा. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले. ते कुत्रं त्यांच्या मालकीचं होतं का हो?

तिसरा आक्षेप अतिउत्साही मंडळींना. कुणी म्हणतं फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, कुणी म्हणतं रात्री साखळी सोडून द्या. मोतीबिंदू झालेला कुत्रा रस्त्यावर किती दिवस जगेल? त्याला असं सोडून देणं ही दया नव्हे.

मग करायचं काय? आधी बेल वाजवायची. शेजारी स्वतः अडुसष्ट वर्षांचे, जिना चढताना धापा टाकतात. त्यांना दुष्ट ठरवण्याआधी विचारावं, "भाऊ, संध्याकाळी मी पाणी भरून जाऊ का? सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यायला रिक्षा आणू का? त्याला खाली अंगणात ठेवता येईल का?" बरेचदा माणूस निर्दय नसतो, थकलेला असतो आणि लाजलेला असतो. एवढं करूनही काही हललं नाही, तर तारीखवार नोंद ठेवून पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. स्वतःच्या नावाने. निनावी नको.

वन्सं फोनवर म्हणाल्या, "वहिनी, शेजारसंबंध बिघडतील हो!" बिघडू देत. पातेलंभर पाण्याने जे संबंध बिघडतात, ते जपून तरी काय मिळवायचं?

असो. मी उद्या बेल वाजवणार आहे. तुमच्या गल्लीतही असा एखादा जीव असेलच. तुम्ही काय केलंत, ते जरूर लिहा.