‘उमजलेले’ या शब्दाचे काय झाले?

माघी गणेश जयंतीच्या दुसऱ्या दिवशी रांजणगावी महागणपतीच्या दर्शनाला जाण्याचा योग आला. आदल्या दिवशीची गर्दी ओसरली होती. दर्शन आटोपून गावातच राहणाऱ्या एका स्नेह्यांकडे भोजनाला गेलो. घर तीन पिढ्यांचे. तात्या निवृत्त शिक्षक आणि निस्सीम गंधर्वभक्त, त्यांचे चिरंजीव येथल्याच औद्योगिक वसाहतीत अभियंता, नातू पुण्यात शिकणारा. पाने उचलल्यावर चिरंजिवांनी कुमार गंधर्वांची ‘मला उमजलेले बालगंधर्व’ ही ध्वनिमुद्रिका लावली, आणि पाहता पाहता त्या शांत घरात रणधुमाळी सुरू झाली.

‘‘बंद कर ते,’’ तात्या कडाडले. ‘‘नारायणरावांचे पद असे मोडायचे? सूर लागतो न लागतो तोच तुटतो. हे गंधर्वांचे गाणे नव्हे.’’

‘‘तात्या, तुम्हाला जुने तेच हवे असते,’’ चिरंजीव म्हणाले. ‘‘कुमारांनी परंपरा झुगारली, म्हणून तर ते मोठे झाले.’’

नातू हातातल्या भ्रमणध्वनीवरून मान वर न करता म्हणाला, ‘‘आजोबा, आता गंधर्वांच्या तबकड्या संगणकाला ऐकवल्या, की तो त्यांच्याच आवाजात हवे ते पद म्हणून दाखवील. मग कुमार कशाला ऐकायचे?’’

तिघेही माझ्याकडे पाहू लागले. पाहुणा म्हणून हसून वेळ मारून नेली. परंतु परतीच्या वाटेवर मनाला वाटत राहिले, की हा वाद त्या एका घरचा नाही. परंपरा जपायची म्हणजे नेमके काय करायचे, या प्रश्नावर आपल्या समाजात हेच तीन पक्ष उभे आहेत, आणि तिन्ही पक्ष चुकत आहेत. म्हणून तेव्हा न दिलेले उत्तर येथे देतो.

प्रथम तात्यांचा आक्षेप घेऊ, कारण आपल्या मंडळींना तोच सर्वांत जवळचा वाटतो. मूळ गाणे जसेच्या तसे राहिले पाहिजे, असे तात्या म्हणतात. ठीक आहे, पण मूळ म्हणजे कोणते? ज्या तबकड्यांवर तात्यांचे कान घडले, त्यांची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपत असे. रंगभूमीवर मात्र बालगंधर्वांचे एकेक पद ‘वन्स मोअर’च्या गजरात कितीतरी वेळ फुलत राही. म्हणजे तबकडीवर आले ते त्या गाण्याचे यंत्राच्या सोयीने कातरलेले रूप. त्या रूपावर प्रेम करावे. पण तेच मूळ आणि त्याबाहेरचे सारे पाखंड, हे कोणी ठरवले?

आणखी मागे जाऊ. बळवंत पांडुरंग तथा अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगमंचावर आणले, तेव्हा मराठी संगीत नाटक हाच एक धाडसी प्रयोग होता. कीर्तनातली साकी-दिंडी आणि कर्नाटकी चाली त्यांनी एका सूत्रात ओवल्या. १९११ साली ‘मानापमान’च्या पदांना गोविंदराव टेंबे यांनी चाली दिल्या आणि नाट्यपदाचे वळणच पालटले. १९१६ साली ‘स्वयंवर’ आले आणि भास्करबुवा बखले यांनी रागदारीचे वैभव रंगमंचावर आणून ठेवले. पुढे १९६४ साली ‘मत्स्यगंधा’मध्ये जितेंद्र अभिषेकी यांनी आटोपशीर, भावगर्भ नाट्यपदाची नवी वाट घातली. यांतल्या कोणत्या टप्प्यावर परंपरा ‘पूर्ण’ झाली असे समजून दार लावून घ्यायचे होते?

आणि ज्या साथीशिवाय गंधर्वगायनाची कल्पनाही करवत नाही, ती पायपेटी, म्हणजे ऑर्गन, मूळची कोठली? थेट युरोपातली! तिची बहीण हार्मोनियम आपल्या संगीताला अनुरूप नाही, असे ठरवून इंग्रजी अमलातल्या आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि स्वातंत्र्यानंतरही ती बरीच वर्षे रेंगाळली. त्या काळात आपल्या देवळांतली कीर्तने, भजनी मंडळे आणि नाटक कंपन्या पेटी वाजवीतच राहिल्या. समाजाने पचवून आपलेसे केले ते आपलेच असते. सोवळेपणाचे फतवे काढणाऱ्यांना संस्कृतीची पचनशक्ती कळलेली नसते, हाच त्या बंदीचा धडा.

कालिदासाने ‘मालविकाग्निमित्र’च्या प्रस्तावनेत हेच सांगून ठेवले आहे. केवळ जुने म्हणून ते चांगले ठरत नाही आणि केवळ नवे म्हणून ते टाकाऊ ठरत नाही. जाणते पारखून घेतात. ‘नित्यनूतन, चिरपुरातन’ हे शब्द आपण बौद्धिकांतून शेकडो वेळा ऐकतो. त्यातला ‘चिरपुरातन’ तेवढा उचलायचा आणि ‘नित्यनूतन’ समोर उभा ठाकला, की कानावर हात ठेवायचे, ही निष्ठा नव्हे. तो आळस आहे.

आता चिरंजिवांकडे वळू. त्यांची चूक तात्यांच्या नेमकी उलट, म्हणून अधिक फसवी आहे. ‘कुमारांनी परंपरा झुगारली’ हे वाक्य गेली अनेक दशके आपल्याकडील पुरोगामी म्हणवणारी मंडळी मोठ्या उत्साहाने उच्चारीत आली आहेत. वस्तुस्थिती काय आहे?

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. कोवळ्या वयात मोठमोठ्या गवयांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवणारा हा मुलगा मुंबईत प्रा. बा. र. देवधर यांच्याकडे आला आणि वर्षानुवर्षे शिकला. पुढे क्षयाने गाठले. १९४८ साली हवापालटासाठी माळव्यातील देवास येथे बिऱ्हाड हलवावे लागले. गाणे बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या काही वर्षे त्यांनी ऐकण्याचे तप केले. रस्त्याने जाणाऱ्या बाया-माणसांची लोकगीते आणि नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने त्यांच्या कानी पडत होती. रागांचे मूळ लोकधुनांत आहे, हा विचार तेथेच पक्का झाला. त्यातून धुन-उगम राग आले, ‘गीत वर्षा’सारखे कार्यक्रम आले आणि १९६५ साली बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ हा ग्रंथ आला.

सांगा, यात झुगारणे कोठे आहे? ज्याने लोकधुनेपर्यंत खाली उतरून रागाचे मूळ शोधले, त्याने परंपरा तोडली म्हणायचे, की जी मुळे घराणेदार मंडळी विसरली होती ती उकरून दाखवली म्हणायचे? घराण्याची चौकट त्यांनी मानली नाही, हे खरे. पण चौकट म्हणजे घर नव्हे. बंड करण्यासाठी फार थोडे पुरते. शोध घेण्यासाठी आयुष्य द्यावे लागते. कुमारांनी आयुष्य दिले, आणि आमचे नवमतवादी त्यांना बंडखोरीचे स्वस्त प्रशस्तिपत्र देऊन मोकळे होतात!

या पार्श्वभूमीवर ती ध्वनिमुद्रिका ऐकावी. नारायण श्रीपाद राजहंस यांना ‘बालगंधर्व’ ही पदवी लोकमान्यांच्या उद्गारातून लाभली, असे सांगतात. त्यांचे गाणे म्हणजे अखंड वाहणारी माधुर्याची धार. लयीला कोठे धक्का नाही आणि शब्दाला ओरखडा नाही. शिवाय सोबत रुक्मिणी, भामिनी, सिंधू यांची रूपे, भरजरी शालू, पायपेटीचा भरणा आणि अहमदजान थिरकवाँसारख्यांचा तबला. कुमारांपाशी यातले काय होते? स्त्रीवेष नाही, नाटक नाही, आणि दीर्घ दमसासाची ती धार आणायला आजाराने एक फुप्फुस निकामी केलेले. मग त्यांनी काय केले? हा सारा साज उतरवल्यावर जे उरते ते शोधले. शब्द कोठे उचलायचा, लयीच्या कोणत्या बिंदूवर तो ठेवायचा, मुखड्याकडे कसे वळायचे, एकाच ओळीत आर्जव आणि लटका राग कसा भरायचा, ही गंधर्वांची खरी पुंजी. ती कुमारांनी आपल्या छोट्या, टोकदार, मध्येच निःशब्द होणाऱ्या सुरावटींतून पुन्हा मांडली. तात्यांना जो तुटलेला सूर वाटला, तेथे कुमार थांबून ऐकणाऱ्याला मूळ जागा आठवायला लावीत होते.

तात्यांच्या बाजूने एक मान्य केले पाहिजे. गंधर्वांच्या गाण्यातील ती न तुटणारी गोडी या मुद्रिकेत नाही. ज्याला तीच हवी, त्याने तबकड्यांकडे जावे. त्याच्या आवडीला कोणी नावे ठेवू नयेत. परंतु ‘मला हे आवडत नाही’ आणि ‘याने गंधर्वांचा अवमान केला’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिली रुची आहे, दुसरा आरोप आहे. आरोपाला पुरावा लागतो, आणि पुरावा तर कुमारांच्या बाजूने मुद्रिकेच्या नावातच छापलेला आहे. त्यांनी ‘हेच बालगंधर्व’ म्हटले नाही, की ‘बालगंधर्वांहून सरस’ असेही म्हटले नाही. ते म्हणाले, ‘मला उमजलेले’. या एका शब्दात शिष्याचा नम्रपणा आहे आणि स्वतंत्र माणसाची जबाबदारीही आहे. वादाच्या गदारोळात हरवला तो नेमका हाच शब्द.

राहता राहिला नातू. त्याचे बोलणे पोरकट समजून सोडून देता येणार नाही, कारण उद्याचा काळ त्याचा आहे. तो म्हणतो ते अशक्यही नाही. २०२४ साली ‘लाल सलाम’ या तामिळ चित्रपटातील एका गीतासाठी ए. आर. रहमान यांनी दोन दिवंगत गायकांचे आवाज त्यांच्या कुटुंबीयांच्या अनुमतीने संगणकाकरवी उभे केले. म्हणजे हुबेहूबपणा आता यंत्राचे काम झाला. पण मग इतकी वर्षे ‘हुबेहूब’लाच कलेचा कळस मानणाऱ्या आपणा सर्वांचे काय?

नक्कल ही शिकण्याची पहिली पायरी आहे. कुमारही तिथूनच चढले. कधी कधी प्रसंगच त्या आठवणीची मागणी करतो. २०११ च्या ‘बालगंधर्व’ चित्रपटात आनंद भाटे यांनी गंधर्वांचा भास जागवणारे गाणे गायले आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. तेथेही मागे होती ती साधना. पण आपल्या उत्सवांतील गायनस्पर्धा आठवा. मागे तयार वाद्यसाथीची फीत, पुढे दहा वर्षांचे लेकरू, आणि परीक्षकाचा ठरलेला शेरा, ‘अगदी मूळ गाणेच ऐकल्यासारखे वाटले!’ त्या लेकराला पदाचा अर्थ कोणी विचारला? ज्या समाजाने मुलांना केवळ नकला शिकवल्या, त्याची जागा यंत्राने घेतली तर तक्रार कोणाकडे करणार? यंत्र बालगंधर्वांचा आवाज काढील. पण त्याला बालगंधर्व ‘उमजले’ असे म्हणता येणार नाही. उमजण्यासाठी आजार, एकांत, प्रेम आणि वर्षे लागतात.

याचा अर्थ प्रयोगाच्या नावाखाली काहीही खपवून घ्यावे, असा मुळीच नाही. दोन दशकांपूर्वी जुन्या गाण्यांवर ढणढणते ठोके चढवून ती बाजारात आणण्याची जी साथ आली होती, तीही स्वतःला प्रयोगच म्हणवीत होती. खऱ्या-खोट्याची पारख कशी करावी? तीन साधे प्रश्न विचारावेत. ज्याला हात लावतो आहे, त्याची सेवा या कलावंताने आधी केली आहे काय? आपण कोणाचे देणे लागतो, हे तो उघडपणे सांगतो काय? आणि त्याचे ऐकून झाल्यावर श्रोता मुळाकडे अधिक ओढीने जातो काय? कुमारांची मुद्रिका तिन्ही कसांना उतरते. कितीतरी तरुण गंधर्वांच्या जुन्या तबकड्यांपर्यंत पोहोचले ते कुमारांचे बोट धरून.

तात्या ज्या देवासमोर रोज हात जोडतात, त्याच्याच मंदिराकडे त्यांनी एकवार या दृष्टीने पाहावे. रांजणगावच्या महागणपतीचा गाभारा थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळचा. सभामंडप नंतर इंदूरच्या सरदार किबे यांनी बांधला, म्हणजे त्याच माळव्यातून आला, जेथे पुढे कुमारांना त्यांचे गाणे सापडले. महाद्वार त्याहून कितीतरी अलीकडचे. मूळ मूर्ती तळघरात असल्याची आख्यायिकाही भाविक सांगतात. म्हणून कोणी वरच्या मूर्तीला पाठ दाखवून परत फिरतो काय? प्रत्येक पिढीने आपल्या भक्तीची एक भर घातली आणि देव तोच राहिला.

तात्यांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या रविवारी नातवाला शेजारी बसवावे. आधी नारायणरावांची तबकडी लावावी, मग कुमारांची मुद्रिका. चिरंजिवांनीही मध्येच भाष्य न करता ऐकावे. आणि दोन्ही संपल्यावर नातवाला एकच प्रश्न विचारावा, ‘‘बाळा, तुला यातले काय उमजले?’’ तो जे उत्तर देईल ते कदाचित अडखळते असेल, तात्यांना पटणारेही नसेल. पण ते त्याचे स्वतःचे असेल, आणि त्या दिवशी बालगंधर्वांचे गाणे त्या घरात आणखी एका पिढीच्या हाती सुखरूप गेलेले असेल.