वैशाखवणवा आणि व्रतस्थांची काळजी

अक्कलकोट परिसरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांपलीकडे जातो. जमिनीलगतची तापलेली हवा हलकी होऊन वर चढते; तिला समुद्रावरील बाष्पाची जोड मिळाली, की तिसऱ्या प्रहरी विजांसह वळीव कोसळतो. चौविहार पाळणाऱ्या ज्येष्ठांस सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य. म्हणून तहानेची वाट न पाहता त्यांनी दिवसभर थोडे थोडे गाळलेले पाणी घ्यावे. घरच्यांनी तशी आठवण करून द्यावी. भोवळ आली, बोलण्यात असंबद्धता जाणवली, तर तत्काळ वैद्यकीय उपचार घ्यावेत. मुनिसंघाच्या विहारात चालणाऱ्या श्रावकांनी गडगडाट ऐकताच झाडाखाली न थांबता पक्क्या इमारतीत आसरा घ्यावा. व्रत दृढ असावेच. ते निभावण्यास देहरक्षणाचा विवेकही हवा.