डब्याबरोबर डोळेही न्यावेत



परदेशी सहलीला आपण खाकरे, ठेपले, अगदी स्वयंपाकाचे महाराजही नेतो. ते योग्यच. पण ‘भाषा कळत नाही, नुसता आरडाओरडा’ म्हणून चिनी ऑपेरा टाळणं मला पटत नाही.

बीजिंगचं हुगुआंग हुईगुआन १८०७ सालचं. त्या प्रांतांतून राजधानीत येणाऱ्या लोकांसाठी बांधलेलं, आपल्या समाजाच्या धर्मशाळेसारखं. आत जुनं नाट्यगृह आहे. तिथे मला शब्द एकही कळला नाही, पण खुणा आधी विचारून ठेवल्या होत्या. लाल चेहरा निष्ठावंताचा, पांढरा कपटी माणसाचा. हातात नुसता चाबूक असला की नट घोड्यावर, वल्हं असलं की नावेत. एक टेबल, दोन खुर्च्या. त्यातच दरबार आणि डोंगरही. पोशाख भरजरी असले, तरी मंचावरचा हा अपरिग्रह मला फार भावला.

खेळ बहुतेक संध्याकाळी असतो, म्हणून सूर्यास्ताआधी जेवून जावं. टेबलावर चहा आला आणि आपला चौविहार असला, तर तो तसाच राहू द्यावा.

आपल्या पूजेला एखादी परकी बाई आली, अर्थ न कळताही शांत बसली, तर आपल्याला किती बरं वाटतं! मग दुसऱ्याच्या दारी आपणही तसंच बसायला हवं. अनेकांतवाद मुलांना पाठशाळेत शिकवतो, तर तासभर खुर्चीत बसून तो पाळूनही दाखवूया.