जागेची बातमी हीच जागा

सरकारी नोकरीची दारे सर्वांस सारखीच उघडी आहेत, असे म्हणण्याची आज मोठी चाल पडली आहे. जाहिरात संकेतस्थळावर आहे, अर्ज घरबसल्या भरता येतो, परीक्षा संगणकावर होते. मग आरोग्य खात्यात तुमची मुले मागे राहिली तर दोष कोणाचा, असा सवाल आम्हांस केला जातो. असा सवाल करणारांस आम्ही महाडची आठवण देतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी मंजूर केला. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली आपले तळे खुले असल्याचा ठराव केला. तरी चवदार तळ्यातील ओंजळभर पाण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल मिळावयास १९३७ साल उजाडले. कागदावर खुले असलेले तळे आणि संकेतस्थळावर खुली असलेली जागा यांत फरक तो काय?

परभणी जिल्ह्याचेच पाहा. २०२३ साली परभणीस शंभर विद्यार्थ्यांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अशा रुग्णालयास केवळ डॉक्टर लागत नाहीत. परिचारिका, औषधनिर्माते, प्रयोगशाळेचे व क्ष-किरणाचे तंत्रज्ञ, लिपिक, कक्षसेवक अशी नाना पदे तेथे असतात. ही पदे कोण भरतो, केव्हा भरतो, त्यांस कोणते शिक्षण लागते, हे पालम-सोनपेठकडील ऊसतोड मजुराच्या मुलीस बारावीच्या वर्षी कोण सांगतो? ज्याचा मामा डॉक्टर किंवा काका लिपिक, त्यास जाहिरात निघण्यापूर्वीच तयारीला सवड मिळते. आमच्या मुलीस मुदत टळल्यावर कळते. आणि या शर्यतीस गुणवत्तेची शर्यत म्हणावयाचे!

माहिती नुसती दडविली जाते असे नव्हे, ती विकलीही जाते. राज्याच्या आरोग्य विभागाची परीक्षा २५ व २६ सप्टेंबर २०२१ रोजी व्हावयाची होती. ती ऐन आदल्या दिवशी पुढे ढकलण्यात आली. पुढे २४ ऑक्टोबरला गट क ची व ३१ ऑक्टोबरला गट ड ची परीक्षा झाली, तर प्रश्नपत्रिका आधीच फुटल्याचे उघडकीस आले. आणि त्या प्रकरणी पुणे पोलिसांनी खुद्द आरोग्य खात्यातील अधिकाऱ्यांना अटक केली! रात्र रात्र अभ्यास करणारा मुलगा परीक्षेस बसला, तो कोणाबरोबर स्पर्धा करावयास?

दुसरा मार्ग याहून सभ्य दिसतो, म्हणून तो अधिक घातक आहे. ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयाने नऊ खाजगी संस्थांमार्फत कंत्राटी माणसे घेण्याची सोय केली. राज्यभर निषेध उठताच ऑक्टोबरमध्ये तो रद्द केल्याची घोषणा झाली. निर्णय गेला, रीत गेली नाही. रुग्णालयांतील सफाई आणि पहारा ही कामे आजही कंत्राटदारांच्या हाती आहेत. राज्याच्या आरक्षण कायद्याने अनुसूचित जातींस १३ टक्के पदे दिली आणि त्यांत बौद्ध झालेल्यांचाही स्पष्ट शब्दांत समावेश केला. पण कंत्राटदाराच्या दप्तरी बिंदुनामावली कोठली? नुसती सेवायोजन कार्यालयास खबर देऊन भागत नाही, जागा वृत्तपत्रादी मार्गांनीही जाहीर केली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले. कंत्राटदाराला जाहिरात लागत नाही. त्याचे ओळखीवर भागते. आणि जेथे ओळख हाच अर्ज असतो, तेथे जात हीच ओळख ठरते. नवल एवढेच की, परिचारिकेची जागा आमच्या वस्तीचा रस्ता चुकते. झाडूची जागा मात्र आमच्या घराचा पत्ता बिनचूक शोधीत येते!

हा केवळ पगाराचा प्रश्न आहे असे कोणी समजू नये. १ जुलै २०२४ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत राज्यातील प्रत्येक कुटुंबास वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. परंतु खिडकीपाशी बसलेला माणूस समोरच्या बाईला 'कागद आणा' एवढेच सांगून वाटेस लावतो की कोणता कागद, कोठून आणावयाचा हे समजावून देतो, यावर तिचा जीव अवलंबून असतो. ज्या दालनात आपले दुःख जाणणारा एकही कर्मचारी नाही, तेथे हक्क असूनही रुग्ण परत फिरतो.

बंधुभगिनींनो, नुसता संताप पुरे नाही. माहितीचा अधिकार कायदा २००५ सालचा आहे. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपल्या कर्मचाऱ्यांची यादी व त्यांचे वेतन आपण होऊन प्रसिद्ध केले पाहिजे. ते केले नसेल तर दहा रुपयांच्या कोर्ट फी तिकिटावर अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास तेवढेही पडत नाहीत. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशेच शब्द चालतात, म्हणून तीन अर्ज वेगळे लिहा. पहिल्यात मंजूर, भरलेली व रिक्त पदे बिंदुनामावलीसह मागा. दुसऱ्यात कंत्राटदारांशी झालेल्या करारांच्या प्रती मागा. तिसऱ्यात मागील जाहिराती कोठे व केव्हा लावल्या, हे विचारा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास अपील करा.

आलेले उत्तर पेटीत ठेवू नका. जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, गंगाखेड, पूर्णा, जेथे जेथे विहार आहे तेथे तेथे ते भिंतीवर लावा, आणि रविवारच्या वंदनेनंतर एखाद्या शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून मोठ्याने वाचवून घ्या. आमची बातमी छापणारे कोणी नव्हते, म्हणून बाबासाहेबांनी १९२० साली 'मूकनायक' काढला. आमच्या जागांची बातमी आम्हांस कोणी देत नसेल, तर ती मागून घेणे आणि घरोघर पोहोचविणे हे आज आपले कर्तव्य आहे. तळे खुले असल्याचा ठराव वाचून तहान भागत नाही. तळ्यापर्यंत चालत जावे लागते.