तो ढग म्हणजे हिरोशिमा नव्हे

दर वर्षी ६ ऑगस्ट उजाडला की समाजमाध्यमांवर तेच एक छायाचित्र फिरू लागते. आकाशात उंच चढत गेलेला भूछत्राकार ढग आणि त्याखाली ठरलेल्या दोन ओळी: सकाळी ८ वाजून १५ मिनिटे, मानवतेला काळिमा. इतिहासाला वाहिलेली पानेही याला अपवाद नाहीत. ही प्रथा बंद पडली पाहिजे. छायाचित्र बनावट आहे असे नव्हे. ते कोणी टिपले, कोठून टिपले आणि त्याच्या आड काय झाकले गेले, याचा विचारच न करता ते लावले जाते, ही खरी तक्रार आहे.

ते टिपले बाँब टाकणाऱ्यांनी. ‘एनोला गे’ या विमानाच्या शेपटाकडे मशीनगन घेऊन बसलेला जॉर्ज कॅरन हा त्या छायाचित्राचा कर्ता. मागे वळून पाहिल्यावर जे दिसले ते त्याने कॅमेऱ्यात घेतले. तीन दिवसांनी नागासाकीवर उठलेल्या ढगाचे छायाचित्रही अमेरिकी विमानातूनच घेतलेले आहे. ते रेखीव आहे, त्यामुळे ‘हिरोशिमा’ म्हणून पुष्कळदा तेच खपवले जाते. शहराचे नाव चुकले तरी कोणाला खटकत नाही, यातच सारे आले. त्या उंचीवरून सगळी शहरे सारखीच दिसतात.

आणखी एक विपर्यास पाहावा. हिरोशिमाचा ढग म्हणून जगभर छापल्या गेलेल्या एका प्रसिद्ध छायाचित्रात स्फोटाचा ढग नाहीच, स्फोटानंतर पेटलेल्या शहराचा धूर आहे, असे अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. म्हणजे लाकडी घरे, दुकाने, शाळा आणि त्यांत अडकलेली माणसे जळत असताना वर चढलेला तो धूर. गेली कित्येक दशके तो विज्ञानाचा चमत्कार म्हणून पाहिला गेला.

आता त्याच दिवशी, त्याच धुराखाली, जमिनीवर काय चालले होते ते पाहू.

‘चुगोकु शिंबुन’ या स्थानिक वृत्तपत्राचे छायाचित्रकार योशितो मात्सुशिगे तेव्हा ३२ वर्षांचे होते. त्यांचे घर स्फोटकेंद्रापासून सुमारे २.७ किलोमीटरवर होते, म्हणून ते वाचले. कॅमेरा घेऊन ते कचेरीकडे निघाले, पण पुढे आगीने वाट अडवली. अकराच्या सुमारास ते मियुकी पुलापाशी पोहोचले. आगीसाठी मोकळे पट्टे राखायला घरे पाडण्याच्या कामावर जुंपलेली शाळकरी मुले तेथे बसली होती, पडली होती. अंगावरची कातडी सुटून लोंबत होती. कोणी तरी त्यांच्या भाजलेल्या अंगाला तेल लावत होते.

मात्सुशिगेंना शटर दाबवेना. वीस-तीस मिनिटे ते तसेच उभे राहिले. शेवटी त्यांनी एक छायाचित्र घेतले, चार-पाच पावले पुढे सरकून दुसरे घेतले. त्या वेळी डोळ्यांतल्या पाण्याने समोरचे धूसर दिसत होते, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले. दुपारी ते शहराच्या मध्यभागी गेले. तेथे एक जळालेली ट्राम उभी होती, आत माणसे होती त्याच स्थितीत मरून गेलेली. ते पायरीवर चढले, आत पाहिले आणि छायाचित्र न घेता खाली उतरले.

२४ छायाचित्रे निघतील एवढी फिल्म जवळ होती. दिवसभरात सात वेळा शटर दाबले गेले, त्यांतली पाच छायाचित्रे निघाली. अणुबाँब पडला त्या दिवशी हिरोशिमाच्या रस्त्यावरून घेतलेली, आज आपल्याला ठाऊक असलेली छायाचित्रे ती एवढीच. अंधारखोली उरलेली नसल्यामुळे काही आठवड्यांनी त्यांनी फिल्म रात्री उघड्यावर धुतली, ओढ्याच्या पाण्यात खळबळली आणि झाडाच्या फांदीला वाळत टाकली.

एका बाजूला विमानातून, हजारो फुटांवरून घेतलेला ढग. दुसऱ्या बाजूला जमिनीवरची ही पाच. यांतले पहिले शेंबड्या पोरालाही ठाऊक, दुसऱ्याचे नाव इतिहासाच्या पदवीधरालाही सांगता येत नाही. हे आपोआप घडलेले नाही, घडवून आणलेले आहे.

१९४५ च्या सप्टेंबरात अमेरिकी ताबेदार प्रशासनाने जपानी वृत्तपत्रांसाठी नियमावली जारी केली. तिच्यात अणुबाँबचा नावाने उल्लेख नव्हता. दोस्त सैन्यावर टीका नको, सार्वजनिक शांतता बिघडेल असे काही नको, एवढेच मोघम शब्द होते. ते पुरले. सेन्सॉर आहे हे छापण्याचीही मुभा नव्हती, त्यामुळे काय गाळले गेले हे वाचकाला कळण्याचा मार्गच नव्हता. जपानी चित्रपटसंस्था ‘निप्पॉन एइगाशा’च्या चमूने दोन्ही शहरांत चित्रित केलेल्या फिल्मही अमेरिकेने ताब्यात घेतल्या आणि गोपनीय ठरवल्या.

सेन्सॉरचे जाळे अभेद्य होते असेही नाही. मात्सुशिगेंची छायाचित्रे १९४६ च्या जुलैत एका स्थानिक सायंदैनिकात आली होती. नागासाकीची काही छायाचित्रे तर ताबेदार सैन्य पोहोचण्यापूर्वीच, १९४५ च्या ऑगस्टमध्ये जपानी वृत्तपत्रात छापली गेली. पण ती फटीतून निसटलेली होती. ‘आसाही’चे छायाचित्रकार हाजिमे मियाताके यांना निगेटिव्ह जाळून टाकण्यास सांगण्यात आले, तेव्हा त्यांनी ती आपल्या घराखाली लपवून ठेवली. १९५२ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी ताबा संपला आणि त्याच वर्षीच्या ६ ऑगस्टला ‘आसाही ग्राफ’ने अणुबाँबच्या छायाचित्रांचा विशेषांक काढला. तो हातोहात संपला, पुन्हा छापावा लागला. हिरोशिमात काय झाले हे खुद्द जपानमधल्या असंख्य लोकांनी तेव्हा प्रथम पाहिले. मध्ये सात वर्षे गेली होती.

त्या सात वर्षांत ढगाच्या छायाचित्रावर कसलीच बंदी नव्हती. जगाच्या मनात हिरोशिमाचे चित्र पक्के झाले ते याच काळात. म्हणून ६ ऑगस्टला आजही ढग लावणारा माणूस, नकळत का होईना, त्या जुन्या सेन्सॉरचेच काम पुढे चालवत असतो; आणि तेही कोणी सांगितलेले नसताना.

अमेरिकेने जमिनीवरून छायाचित्रे घेतली नाहीत काय? घेतली, भरपूर घेतली. सामरिक बाँबहल्ल्यांच्या पाहणीसाठी आलेल्या पथकाने एकट्या हिरोशिमातच हजाराहून अधिक छायाचित्रे काढली. कोणत्या अंतरावरची तुळई किती वाकली, काँक्रीटच्या भिंतीला तडा कोठे गेला, पुलाचा कठडा कोणत्या दिशेला कलला. काम चोख होते. पण त्या छायाचित्रांत माणसे जवळपास नाहीत. कोठे एखादा माणूस उभा दिसतो तो बहुधा मोजमापाच्या सोयीसाठी. आपल्या शहरांवर असा हल्ला झाला तर इमारती कशा टिकतील, हा त्या पाहणीमागचा एक प्रश्न होता. यांतल्या काहीशे छायाचित्रांचा एक गठ्ठा पुढे मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाऊन गावी रस्त्याकडेच्या कचऱ्यात, एका जुन्या बॅगेत सापडला. जी कागदपत्रे काल गोपनीय होती ती आज कचऱ्यात, हा अभिलेखांचा नेहमीचा प्रवास इतिहासाच्या विद्यार्थ्याला काही नवा नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो प्रतिष्ठेचा. भाजलेली मुले, जळालेली प्रेते दाखवणे हा मृतांचा अपमान आहे. ढग निदान सभ्य तरी आहे. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपानंतर टोकियोत विध्वंसाची चित्र-पोस्टकार्डे रस्त्यावर विकली गेली. होंजो येथील लष्करी कपड्यांच्या कोठाराच्या मोकळ्या जागेत आसरा घेतलेले सुमारे ३८ हजार लोक आगीत मेले, त्यांच्या प्रेतांचीही पोस्टकार्डे निघाली. त्या व्यापाराचे समर्थन कोणी करू नये.

परंतु प्रतिष्ठेची ही ढाल इतिहासात कोणी उचलली ते पाहावे. ताब्यात घेतलेल्या त्या जपानी फिल्मची प्रत अमेरिकेने १९६७ मध्ये परत केली, तेव्हा ती लोकांना दाखवताना जपानच्याच शिक्षण मंत्रालयाने होरपळलेल्या माणसांची दृश्ये गाळली. कारण दिले पीडितांच्या खाजगीपणाचे. त्याआधी, १९५६ मध्ये, ‘द फॅमिली ऑफ मॅन’ हे गाजलेले प्रदर्शन टोकियोला आले. न्यूयॉर्कच्या मूळ प्रदर्शनात हायड्रोजन बाँबच्या स्फोटाचे भव्य रंगीत चित्र होते. टोकियोत त्याऐवजी योसुके यामाहाता यांची नागासाकीची छायाचित्रे लावण्यात आली. सम्राट प्रदर्शन पाहायला आले तेव्हा त्यांवर पडदा ओढला गेला आणि पुढे ती काढूनच टाकली. रंगीत स्फोट मानवजातीच्या कुटुंबात बसत होता. नागासाकीची माणसे बसत नव्हती.

शिवाय गोडवलेली प्रतिष्ठाही घातकच. पाठीवर मृत धाकट्या भावाला बांधून ताठ उभ्या असलेल्या मुलाचे छायाचित्र सर्वांच्या व्हॉट्सॲपवर येऊन गेले असेल. ते अमेरिकी मरीन छायाचित्रकार जो ओडोनेल यांनी नागासाकीत घेतले. सोबत मराठीतही एक संवाद फिरतो: सैनिक म्हणतो, हे ओझे खाली ठेव; मुलगा उत्तरतो, हे ओझे नाही, माझा भाऊ आहे. ओडोनेल यांच्या कथनात हा संवाद कोठेच नाही. मुलगा काहीच बोलला नाही. दहनाच्या जागी माणसांनी ते मूल त्याच्या पाठीवरून सोडवून आगीवर ठेवले, मुलगा ओठ चावत पाहत राहिला आणि मग वळून निघून गेला, एवढेच त्यांनी सांगितले. त्या मुलाची ओळख आजवर निश्चितपणे पटलेली नाही. ज्याचे नावही ठाऊक नाही त्याच्या तोंडी सुविचार घालायचा आणि त्याला श्रद्धांजली म्हणायचे, ही खोड ढगाइतकीच वाईट. जाता जाता हेही नोंदवावे की २००७ मध्ये ओडोनेल वारल्यानंतर, इतरांनी घेतलेल्या काही प्रसिद्ध छायाचित्रांवर त्यांनी आपला हक्क सांगितला होता हे उघड झाले. छायाचित्रकाराच्या शब्दालाही पुरावा मागावा लागतो, मग तो कितीही हळवा असो.

दुसरा आक्षेप अधिक जोरात येतो, बहुधा प्रतिक्रियांमध्ये, आणि त्यात ‘गिधाड’ हा शब्द ठरलेला असतो. माणसे मरत असताना फोटो काढत बसला, मदत का केली नाही? मात्सुशिगेंची कहाणी ऐकली की हे लोक थोडे नरमतात, कारण ते रडले होते. म्हणून उदाहरण यामाहातांचे घ्यावे.

यामाहाता लष्करासाठी काम करणारे छायाचित्रकार. लेखक जुन हिगाशी आणि चित्रकार एइजी यामादा यांच्यासह ते १० ऑगस्टला पहाटेपूर्वी नागासाकीत पोहोचले. प्रचाराला उपयोगी पडेल असे काही टिपून आणा, असा हुकूम होता. दुपारपर्यंत त्यांनी शंभराहून अधिक छायाचित्रे घेतली. हातात भाताचा गोळा धरलेला तो मुलगा त्यांतलाच. त्या दिवशी आपण शांत होतो, कामात गढून गेलो होतो, हे कदाचित क्षमेला पात्र नसेल, अशी कबुली त्यांनी नंतर स्वतःच देऊन ठेवली. गिधाड म्हणणाऱ्यांना याहून सोयीचा साक्षीदार मिळणार नाही.

तरीही त्या थंड डोक्याच्या माणसाने टिपलेले शंभर क्षण नसते तर दुसऱ्या दिवशीच्या नागासाकीबद्दल छायाचित्रांतून फारच थोडे कळले असते. त्यांनी निगेटिव्ह लष्कराच्या प्रचारखात्याच्या स्वाधीन न करता जपून ठेवली आणि १९५२ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. ६ ऑगस्ट १९६५ रोजी, म्हणजे आपल्या ४८ व्या वाढदिवशी, ते आजारी पडले. निदान कर्करोगाचे झाले आणि पुढच्या एप्रिलमध्ये ते वारले. त्या एका दिवसाच्या किरणोत्सर्गाने हा रोग झाला असे सिद्ध करता येत नाही आणि तसा दावा कोणी करू नये. मात्र किरणोत्सर्ग म्हणजे काय हे ठाऊक नसताना, सुरक्षेची कसलीही साधने नसताना, स्फोटाला पुरता एक दिवसही झालेला नसताना तो माणूस त्या राखेतून चालला, हे खरे आहे. ढग टिपणारे विमान तेव्हा केव्हाच तळावर परतले होते.

मग ६ ऑगस्टला लावायचे तरी काय? मियुकी पुलाचे पहिले छायाचित्र लावावे. त्यात भीषण असे फारसे दिसतही नाही. बहुतेकांची पाठ कॅमेऱ्याकडे आहे, केस पिंजारलेले, कपडे फाटलेले, मागे धूर. चित्र ओरखडलेले, डागाळलेले. खाली दोन ओळी लिहाव्यात, त्यांत छायाचित्रकाराचे नाव असावे, पुलाचे नाव असावे, वेळ असावी.

त्या पाठमोऱ्या माणसांपैकी एक आपण आहोत, हे सुनाओ त्सुबोई यांनी पुढे ओळखले. तेव्हा ते २० वर्षांचे विद्यार्थी होते. आता आपण जगत नाही अशी खात्री झाल्यावर त्यांनी पुलावर बसल्या जागी खड्याने जमिनीवर लिहिले होते की त्सुबोई येथे मेला. ते मेले नाहीत. ते गणिताचे शिक्षक झाले, हिबाकुशांच्या चळवळीत आयुष्यभर राहिले, २०१६ च्या मे महिन्यात हिरोशिमाला आलेल्या अमेरिकी अध्यक्ष बराक ओबामांचा हात धरून बोलले आणि २०२१ मध्ये, ९६ व्या वर्षी वारले. ते छायाचित्र आज मियुकी पुलाशेजारी एका फलकावर लावलेले आहे, ज्या जागी ते घेतले गेले तेथेच.