खोटे कुणासाठी?

डॉक्टर जिन्यात थांबले, काकांना हळूच म्हणाले, "त्यांना मात्र कळू देऊ नका." त्या दिवसापासून आमच्या घरी काकूच्या दुखण्याचे नाव 'जुना अल्सर' पडले. धाकट्या पुतण्यापासून स्वयंपाकीणबाईंपर्यंत सारे घर खोटे बोलू लागले, तेही प्रेमापोटी!

नेमके तेव्हाच मी जोसेफ फ्लेचर यांचे 'सिच्युएशन एथिक्स' वाचीत होतो. फ्लेचर हे अमेरिकेतले पाद्री आणि नीतिशास्त्राचे प्राध्यापक. १९६६ साली हे पुस्तक निघाले आणि धर्ममंडळींत मोठा गहजब झाला. पोथी उघडून नियमावर बोट ठेवणारा त्यांना नको, आणि कोणताच नियम न मानणाराही नको. नियम वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यासारखे जवळ असावेत, पण प्रसंगी बाजूला सारावेत. बाजूला सारता येत नाही ते एकच, प्रेम. हे प्रेम सिनेमातले नव्हे बरे! ग्रीक भाषेत त्याला 'अगापे' म्हणतात. माणूस आवडो वा न आवडो, त्याचे भले चिंतायचे, आणि ते डोके शाबूत ठेवून. न्याय म्हणजे हेच प्रेम पुष्कळांत वाटलेले, असेही ते म्हणतात.

आपल्याला यात नवल ते काय? कर्णपर्वातल्या कौशिकाने सत्यव्रताच्या हट्टापायी लपलेल्या माणसांची वाट दरोडेखोरांना दाखविली आणि तो नरकात गेला. लोकमान्यांनीही 'गीतारहस्या'त सत्याच्या अपवादांचा ऊहापोह केला आहे. एकूण पूर्व-पश्चिमेचे साक्षीदार आमच्या बाजूचे, म्हणून मी खुशीत होतो.

मग फ्लेचर यांचेच १९५४ चे 'मॉरल्स अँड मेडिसिन' हाती पडले. त्यात रोग्याला स्वतःच्या दुखण्याचे सत्य कळण्याचा हक्क आहे, असे त्यांनी ठासून मांडलेले! मी चरकलो. कौशिक खोटे बोलता तर जीव वाचते. आमच्या खोट्याने काकूचे काय वाचत होते? वाचत होते ते आमचेच, तिच्यासमोर बसून रडणे. प्रेमाच्या नावावर माणूस आपली सोय पाहील, हा फ्लेचर यांच्यावरचा जुना आक्षेप. तो आमच्या माजघरात खरा ठरत होता.

काकांशी बोलायचे कसे, या विचारात दोन दिवस गेले. तिसऱ्या दुपारी काकूनेच मला हाक मारली.

"पाटल्या कुणाला द्यायच्या ते आता ठरवू या का रे? की अजून अल्सरच म्हणायचे?"

मी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "ठरवू या," म्हटले. तिने उशीखालून कपाटाची किल्ली काढली.